ऑटवातला पहिला हिवाळा आणि छोटी गाडी: विंटर टायर कुठले घ्यावेत?

सोनटक्का
नमस्कार मंडळी. आम्ही जूनमध्ये व्हँकूवरहून ऑटवाला आलो. तिकडे हिवाळा म्हणजे पाऊसच, बर्फ पडला तरी दोन-तीन दिवसांत वितळून जायचा, त्यामुळे ऑल सीझन टायरवर भागत होतं. इथे ज्याला त्याला विचारलं तर सगळे एकच सांगतात की विंटर टायर घ्या, पण कुठले आणि का ते कोणी नीट सांगत नाही.
गाडी २०१६ ची टोयोटा यारिस हॅचबॅक आहे, टायरवर १९५/५० आर १६ असं लिहिलंय. मी गॅटिनोला नोकरी करते, पहाटे साडेपाचला ऑटवातल्या कनाटाहून निघायचं, क्वीन्सवे हायवेनं जाऊन पूल ओलांडायचा, आणि त्या वेळी बर्फ बाजूला सारणारा प्लाऊ फिरून गेलेला असेलच असं नाही. शनिवार-रविवारी लेकीला मागे बसवून फिरणं असतंच.
विचारायचंय ते असं. ऑल वेदर म्हणून जे मिळतात ते चालतील का? नवऱ्याचं म्हणणं गाडी पुढच्या चाकांवर चालते तर पुढचेच दोन घेऊ, हे बरोबर आहे का? रिम वेगळे घ्यावेत का? आणि गॅटिनो शेजारच्या क्वेबेक प्रांतात येतं, तिकडे विंटर टायरची सक्ती आहे म्हणे, ती आपल्या ऑन्टॅरिओच्या नंबरप्लेटला लागू होते का?

खारीक_खोबरं
सोनटक्का, बरं केलंस आत्ताच विचारलंस, पहिला बर्फ पडला की इथल्या दुकानांत दोन-दोन आठवडे अपॉइंटमेंट मिळत नाही आणि छोट्या साईजचे टायर सगळ्यात आधी संपतात.
आधी कायद्याचं सांगतो. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, पण तिथे रजिस्टर झालेल्या गाड्यांना, त्यामुळे तुझ्या ऑन्टॅरिओच्या प्लेटला दंड नाही. पण पूल ओलांडला की तुझ्या पुढची-मागची सगळी वाहनं विंटर टायरवर असणार हे लक्षात ठेव, म्हणजे पुढचा जेवढ्या अंतरात थांबेल तेवढ्या अंतरात तुलाही थांबता आलं पाहिजे. माझ्या मते हे दंडापेक्षा मोठं कारण आहे.
आता टायर का बदलायचे. बर्फ असो नसो, खरा प्रश्न थंडीचा आहे. साधारण ७ डिग्रीच्या खाली साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं, आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेल बाटलीत गोठतं तसंच समज, आणि कडक रबर रस्त्याला धरत नाही, कोरडा रस्ता असला तरी. विंटर टायरच्या रबरात सिलिका वगैरे घालून ते उणे २५ ला पण मऊ राहील असं केलेलं असतं. शिवाय त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक बारीक नागमोडी चिरा असतात, ठोकळा वाकला की त्या चिरांच्या कडा बर्फात रुततात, आणि खोल खाचांत बर्फ भरून बसतो तोही उपयोगी पडतो, कारण बर्फ बर्फाला चांगला धरतो.
दोनच टायर मात्र अजिबात नको. पुढची चाकं धरतील आणि मागची सुटतील, उतारावर वळताना ब्रेक लावलास की मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी गरकन फिरते. यारिस मागून हलकी आहे, तिला तर हे फार लवकर होतं, आणि तुझी लेक मागे बसलेली असते. चार म्हणजे चारच.

दगडी_चाळ
मी मिसिसॉगात राहतो आणि ऑल वेदर वापरतो, म्हणून त्यांची बाजू मांडतो. ऑल वेदर आणि ऑल सीझन एक नव्हेत, दुकानदार पण कधीकधी एकाच वाक्यात दोन्ही शब्द वापरतात त्यामुळे गोंधळ होतो. मिशेलिन क्रॉसक्लायमेट २, नोकियन रेमेडी डब्ल्यूआरजी ५ ह्यांच्यावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह असतं, म्हणजे बर्फातली चाचणी पास झालेले, आणि ते बारा महिने गाडीवर ठेवता येतात. मी अपार्टमेंटमध्ये राहतो, टायर ठेवायला जागा नाही, ऑफिसला आठवड्यातून एखाद दिवस जायचं, रस्ते सकाळपर्यंत मीठ मारून साफ असतात. माझ्यासाठी हेच योग्य आहे आणि बायकोच्या गाडीलाही मी हेच घातलेत.

खारीक_खोबरं
दगडी_चाळ, तुमच्यासाठी नक्कीच योग्य आहे, त्यात वाद नाही. पण जानेवारीत ऑटवाचं सरासरी तापमान उणे १० च्या आसपास असतं, टोरांटोच्या बाजूला उणे ४ च्या. आणि इथे वर्षाला सव्वादोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो. तिनं पहाटे साडेपाचला निघायचंय, रोज.
त्या चिन्हाबद्दल अजून एक, हे नीट वाचा सगळ्यांनी. तो डोंगर-हिमकण शिक्का मिळवायला दाबून बसलेल्या बर्फावर टायर गाडीला किती जोरात पुढे ओढतो एवढंच मोजतात, ठरवलेल्या साध्या टायरपेक्षा १० टक्के सरस निघाला की शिक्का. ब्रेक लावल्यावर कुठे थांबतो आणि काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर काय करतो हे त्या चाचणीत येतच नाही. म्हणून शिक्का असणं ही किमान अट समजायची, तो असलेले सगळे टायर सारखेच असं समजायचं नाही. आणि नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) लिहिलेलं असेल तर ते फक्त खाचांच्या नक्षीवरून लिहितात, त्यामागे बर्फातली कुठलीच चाचणी नसते.

सातारी_कंदी
+१. एम प्लस एस वर विश्वास ठेवू नका, जर्मनीत पण आता ते चालत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून इथे डोंगर-हिमकण चिन्हच लागतं. इथला नियम तारखेचा नाही, रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा घसरडं असेल तर विंटर टायर पाहिजेत, नसतील तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट, आणि तुमच्यामुळे रस्ता अडला तर ८०. लोक सोपं लक्षात ठेवतात, ऑक्टोबर ते ईस्टर.
मी श्टुटगार्टजवळ असते, पोलो चालवते, आणि कॉन्टिनेंटलचे विंटरकॉन्टॅक्ट टीएस ८७० घातलेत, एकदम समाधानी आहे, ऑटोबानवर पावसात पण छान धरतात. सोनटक्का, तू पण हेच बघ.

मालवणी_खाजा
सातारी_कंदी ताई, इथे जरा थांबवतो, कारण ही चूक बरेच जण करतात. तुमच्याकडचे विंटर टायर हे मध्य युरोपसाठी बनवलेले असतात, म्हणजे शून्याच्या अल्याडपल्याड, ओला रस्ता, जास्त वेग. फिनलंड, स्वीडन, कॅनडा इथले टायर वेगळ्याच जातीचे, रबर अजून मऊ, चिरा जास्त, बर्फावर आणि गोठलेल्या रस्त्यावर धरणारे, पण १३०-१४० ला ओल्या रस्त्यावर तुमच्याइतके घट्ट नाहीत. ऑटवाला ही दुसरी जात पाहिजे. तिथल्या दुकानात साधारण तीच मिळते, फक्त परफॉर्मन्स विंटर असं लिहिलेलं असेल तर ते सोडून द्यायचे.
मी फिनलंडमधल्या टांपेऱ्याला राहतो, शेजारीच नोकिया गाव. जगातला पहिला विंटर टायर १९३४ मध्ये इथलाच, ट्रकसाठी बनवलेला, आणि नोकियनच्या टायरचं हक्कापेलिट्टा हे नाव १९३६ पासून चालू आहे. त्यामुळे इथे टायर हा घरगुती विषय आहे, लोक त्यावर तासभर बोलू शकतात. माझ्या अनुभवात खिळेवाल्या टायरचा खरा फायदा शून्याच्या आसपास होतो, जेव्हा गोठलेल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. तीच सगळ्यात घसरडी वेळ. उणे २० ला बर्फ कोरडा असतो, तेव्हा बिनखिळ्यांचा चांगला टायर पण मस्त धरतो. खिळ्यांनी डांबर झिजतं, वसंतात त्याची धूळ हवेत राहते, स्टॉकहोमच्या हॉर्न्सगाटान रस्त्यावर म्हणूनच २०१० पासून खिळेवाले टायर बंद आहेत.

खारीक_खोबरं
मालवणी_खाजा यांनी फार छान लिहिलंय. खिळ्यांचा प्रश्न ऑटवात येतच नाही, ऑन्टॅरिओत फक्त उत्तर भागातल्या लोकांना ते वापरता येतात. नदीपलीकडे क्वेबेकमध्ये मात्र १५ ऑक्टोबर ते १ मे चालतात, त्यामुळे गॅटिनोत कुणाच्या गाडीचा कर्रकर्र आवाज आला तर घाबरू नकोस.

सोनटक्का
बापरे, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. म्हणजे चार टायर, बिनखिळ्यांचे, थंड देशवाले, इथपर्यंत पक्कं. साईजचं काय? माझ्या एका मैत्रिणीची एसयूव्ही आहे, ती म्हणते रुंद टायर घे, जास्त रुंद म्हणजे जास्त पकड, आणि खरं तर ऑल व्हील ड्राइव्हच घे म्हणते.

खारीक_खोबरं
उलट आहे. ताज्या बर्फात आणि विशेषतः त्या मिठाच्या चिखलबर्फात अरुंद टायर कापत खाली जातो आणि रस्त्याला पोचतो, रुंद टायर वर तरंगतो आणि लेन बदलताना गाडी ओढल्यासारखी एका बाजूला जाते. तुझ्या यारिसचंच खालचं मॉडेल १७५/६५ आर १५ वर येतं (रुंदी १७५ मिलिमीटर, रिम १५ इंची), तीच साईज घे. हिशोब करून बघ, १९५/५० आर १६ चा व्यास साधारण ६०१ मिलिमीटर आणि १७५/६५ आर १५ चा ६०८ च्या आसपास, म्हणजे फरक एक टक्क्याच्या जवळपास, स्पीडोमीटर बिघडत नाही. रिम लहान, टायरची बाजू उंच, त्यामुळे खड्ड्यात गेलं तरी रिम वाचतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये इथे खड्डे काय असतात ते बघशीलच. फक्त दुकानदाराला विचार की १५ इंची रिम तुझ्या ब्रेकच्या कॅलिपरवर नीट बसतो ना, एक चाक लावून बघायला दोन मिनिटं लागतात.
ऑल व्हील ड्राइव्हबद्दल कुणीतरी अमेरिकेतले बफेलोवाले सांगतील, ते जास्त बर्फ बघतात.

भीमाशंकरी
सांगतो, बफेलोत आहे बरीच वर्षं. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी हलवायला मदत करते. सिग्नलला सुटताना, चढावर, ड्राइव्हवेतून निघताना, तिथे ती खरंच कामाची आहे. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांचे चार चाकांवरच असतात, आणि थांबताना तिला कुठलाच फायदा नाही, उलट वजन जास्त. लोक चारही चाकं पटकन पळतात म्हणून रस्ता चांगला आहे असं समजतात आणि वेगात जातात, इथे हिवाळ्यात खड्ड्यात उतरलेल्या गाड्या बघ, त्यात मोठ्या एसयूव्ही कमी नसतात. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं, हे गणित बर्फावर सगळ्यांना सारखंच आहे. चांगल्या विंटर टायरवरची छोटी फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी मी ऑल सीझनवाल्या एसयूव्हीपेक्षा कधीही पसंत करीन.
छोट्या गाडीची खरी मर्यादा उंचीची आहे, ती मान्य करायची. बर्फ पोटाला लागला की गाडी त्यावर चढून बसते आणि चाकं हवेत फिरतात, मग कुठलाही टायर काही करू शकत नाही. विशेषतः प्लाऊ गेल्यावर ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो घट्ट बांध तयार होतो तो फावड्यानं काढल्याशिवाय गाडी घालायची नाही, पहाटेची घाई असली तरी.
आणि काही दिवस निघायचंच नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात आमच्या शेजारच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात सुमारे दोन मीटर बर्फ पडला. त्याच डिसेंबरच्या ब्लिझर्डमध्ये बफेलोत माणसं गाडीत अडकून दगावली, मदत पोचूच शकली नाही. ड्रायव्हिंग बॅन लागलाय हे कळल्यावर साहेबाला सरळ फोन करायचा, येत नाही म्हणून. अडकलातच तर गाडी चालू ठेवायच्या आधी सायलेन्सरच्या पाईपाभोवतीचा बर्फ काढायचा, नाहीतर कार्बन मोनॉक्साईड आत येतो, त्याला वास नसतो, कळत नाही. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

रानजाई
भीमाशंकरी, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. हे मी आमच्या मिनेसोटाच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकते, दर वर्षी नवीन मुलं शिकायला येतात आणि त्यांना कोणी हे सांगत नाही.

काळा_मसाला
विकत घेताना तारीख बघा हो. टायरच्या बाजूवर डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. मला इथल्या एका दुकानदारानं नवे म्हणून सहा वर्षांचे जुने टायर लावायचा प्रयत्न केला होता, खाचा नव्या कोऱ्या, पण रबर पडून पडून कडक झालेलं. मी लावायच्या आधी चारही टायरवरचे आकडे वाचले आणि परत पाठवले. सेकंडहँड विंटर टायर ऑनलाइन स्वस्तात दिसतात तिथे तर हे आधी विचारा, आणि खाचांची खोली ४ मिलिमीटरच्या खाली असेल तर बघायला पण जाऊ नका. कायद्याचं किमान १.६ आहे, पण ४ च्या खाली गेला की बर्फात त्याचं काम संपलेलं असतं. नोकियनच्या टायरवर एक छोटा हिमकण कोरलेला असतो, तो ४ मिलिमीटरला पुसला जातो, मोजायलाच नको.

सोनटक्का
तारखेचं आज कळलं! ब्रँडबद्दल पण सांगा ना कुणीतरी, दुकानात पाच नावं सांगितली आणि सगळेच बेस्ट म्हणाला.

खारीक_खोबरं
वरच्या रांगेतले म्हणजे मिशेलिन एक्स-आईस स्नो, ब्रिजस्टोन ब्लिझॅक डब्ल्यूएस ९०, नोकियन हक्कापेलिट्टा आर ५, कॉन्टिनेंटल वायकिंगकॉन्टॅक्ट ७. ह्यातला कुठलाही घेतलास तरी तू चुकणार नाहीस, खरं सांगतो, तुझ्या साईजमध्ये जो ह्या वर्षीचा ताजा मिळेल तो घे. मला स्वतःला ब्लिझॅक गोठलेल्या चौकात फार भरवशाचा वाटला पण झिजतो लवकर, एक्स-आईस जास्त टिकतो. बजेट कमी असेल तर जनरलचा अल्टिमॅक्स आर्क्टिक १२ आहे, तो वरच्या चारांच्या मागे असला तरी कुठल्याही ऑल सीझनच्या खूप पुढे आहे. छोट्या साईजचा फायदा हा की एसयूव्हीवाल्यांच्या मानानं तुझा सेट बराच स्वस्त पडतो.
स्टीलचे साधे काळे रिम घेऊन त्यावर टायर कायमचे बसवून घे. दर सहा महिन्यांनी त्याच रिमवर टायर काढा-घाला करण्याचे पैसे दोन-तीन हिवाळ्यांत रिमच्या किमतीइतके होतात, टायरची कडही खराब होते, आणि मिठात तुझे अलॉय रिम पण वाचतात. रिमवर असले की अदलाबदल घरी पण करता येते.
आणि इन्शुरन्सला फोन कर. ऑन्टॅरिओत १ जानेवारी २०१६ पासून कंपन्यांना विंटर टायरवर सूट द्यावीच लागते, साधारण ५ टक्क्यांपर्यंत असते, पण बहुतेक वेळा आपण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. बिल जपून ठेव.

सातारी_कंदी
मालवणी_खाजा, तुमचं पटलं, ऑटवासाठी टीएस ८७० ची शिफारस मागे घेते. एक भर घालते, युरोपातल्यांसाठी. टायरच्या लेबलवर आता दोन वेगळी चित्रं असतात, एक बर्फाचं आणि एक गोठलेल्या रस्त्यावरच्या पकडीचं, २०२१ पासून. उत्तरेकडच्या देशांत राहणाऱ्यांनी ते दुसरं चित्र आहे का बघायचं.

ताकभात
मी पुण्यात असतो, जरा वेगळं विचारतो, चालेल ना? जानेवारीत आम्ही चार मित्र पुण्याहून स्विफ्ट घेऊन मनालीला जाणार आहोत, अटल टनेलमधून पलीकडे सिस्सू, कोकसर करायचंय. विंटर टायर भारतात कुठे मिळतील?

भीमाशंकरी
ताकभात, एका ट्रिपसाठी विंटर टायर घेण्यात अर्थ नाही, आणि पुण्यापर्यंतच्या परतीच्या गरम रस्त्यावर ते भरभर झिजतील, ब्रेकला पण वाईट. तुमच्यासाठी स्नो चेन. स्विफ्टच्या टायर साईजच्या, पुढच्या दोन चाकांना, आणि त्या घरी अंगणात एकदा लावून बघा, गारठलेल्या बोटांनी रस्त्याच्या कडेला पहिल्यांदा लावणं फार अवघड जातं. चेन लावल्यावर ताशी ३०-४० च्या वर जायचं नाही आणि डांबर लागलं की काढायच्या.
पण माझा मनापासूनचा सल्ला असा की गाडी मनालीत ठेवा आणि टनेलपलीकडे स्थानिक टॅक्सीवाल्याला घेऊन जा. बर्फ पडला की प्रशासन फोर बाय फोर किंवा चेनवाल्याच गाड्या पुढे सोडतं, आणि टनेलच्या तोंडापाशी, सावलीतल्या वळणांवर रस्ता काळाच दिसतो पण वर पारदर्शक बर्फ असतो. तिथला ड्रायव्हर ते वळण ओळखतो, आपण ओळखत नाही.

ताकभात
पटलं. मित्रांना धागा वाचायला देतो, टॅक्सीच करू.

सोनटक्का
ठरलं! १७५/६५ आर १५ मध्ये एक्स-आईस स्नो, ह्याच वर्षीचे, स्टील रिमसकट सांगितलेत, ऑक्टोबर अखेरची अपॉइंटमेंट आहे. नवऱ्यालाही हा धागा वाचायला दिला, त्याला मागची चाकं सुटतात ते पटलं. आता उन्हाळ्याचे टायर ठेवायचे कुठे, आमच्याकडे छोटी बाल्कनी आहे फक्त. आणि अजून काही करायचं राहिलंय का?

मालवणी_खाजा
बाल्कनीत ऊन लागत असेल तर नको, उन्हानं रबर जातं. घरात थंड, अंधारी जागा, म्हणजे कपाटाच्या तळाशी वगैरे, जागाच नसेल तर बरीच दुकानं हंगामाचे पैसे घेऊन ठेवून घेतात. रिमवर असतील तर एकावर एक आडवे रचायचे, नुसते टायर असतील तर उभे ठेवायचे. मिठाचं पाणी धुऊन, पूर्ण वाळवून, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि खडूनं लिहायचं कुठला कुठल्या चाकाचा होता. एक्स-आईसवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर लावणाऱ्यानं तो पाळलाय का ते तिथेच बघ.

खारीक_खोबरं
दोन गोष्टी राहिल्या. हवा दर महिन्याला बघ, तापमान ५-६ डिग्रीनं उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते, त्यामुळे ऑक्टोबरात बरोबर भरलेली हवा जानेवारीत बरीच कमी निघते. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा धरायचा, टायरवर छापलेला नाही. आणि चाकं बदलल्यावर ८०-१०० किलोमीटरनंतर नट परत टॉर्क रेंचनं तपासून घे, तुझ्या यारिसला १०३ न्यूटन मीटर, बरीच दुकानं फुकट करून देतात.
पहिला बर्फ पडला की रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये जा, ताशी २०-३० ला जोरात ब्रेक दाबून बघ, पायाखाली पेडल थरथरेल तो एबीएस आहे, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची सोय, पाय सोडायचा नाही. नवऱ्यालाही करायला लाव.

सोनटक्का
करतो दोघंही. कनाटात कुठलं पार्किंग रविवारी रिकामं असतं?

खारीक_खोबरं
बऱ्याच ऑफिसांची असतात, पण खाजगी जागा आहे, आधी सिक्युरिटीला विचारून घे. आणि खांब, कर्ब कुठे आहेत ते आधी चालत बघून ये, बर्फाखाली दिसत नाहीत.